कोपऱ्यातली दोन घरं

हिंडलग्याच्या मागच्या शिवारात भाताची कापणी सुरू झाली की आमच्या घराला एक वास लागतो. ओल्या पेंढ्याचा, थोडा गोडसर, थोडा धुरकट. खिडक्या लावल्या तरी तो आत येतो, उशीच्या अभ्र्यात बसतो, माझ्या शाळेच्या पिशवीत बसतो. आमच्याकडं ह्या दिवसांना सुगी म्हणतात. सकाळी दव एवढं पडतं की स्कूटरची सीट पुसल्याशिवाय बसता येत नाही. दुपारी ऊन लागतं, पण ते पाठीवर हात फिरवल्यासारखं. वर्गातली निम्मी मुलं ह्या दिवसांत जांभया देतात, कारण पहाटे घरच्यांबरोबर तीही शेतात गेलेली असतात. मी शेतकऱ्याच्याच घरातली. जांभई दिसली की फळ्याकडं तोंड करते आणि दिसलीच नाही असं धरते.

आज रविवार. स्कूटरच्या डिकीत नवा दिवाळी अंक आहे आणि मी वडगावला निघाले आहे. रस्त्याच्या कडेला कापलेल्या भाताच्या पेंढ्या आडव्या पडल्यात. बगळे त्यातून सावकाश, पाय उचलून चालतात, एखाद्या परीक्षकासारखे. मागच्या सुगीतही मी ह्याच रस्त्यानं असाच अंक घेऊन जात होते. त्या वेळी स्कूटर मुद्दाम हळू चालवायचे.

ह्या दिवाळी अंकात दरवर्षी एक मोठं गूढ शब्दकोडं येतं. साध्या कोड्यात 'कमळाला दुसरा शब्द' असं सरळ विचारतात. ह्या कोड्यातली ओळ मात्र वाटते एक आणि विचारते भलतंच. उदाहरण सांगते. 'गुरुजींच्या मागे मोटार लागली आणि ते राज्य करू लागले', चार अक्षरं. गुरुजी म्हणजे सर, मोटार म्हणजे कार, झालं सरकार. किंवा 'गुरुजी उलटे केले की गोड लागतात', दोन अक्षरं. सर उलटा, रस. सुटलं की एवढं सोपं वाटतं की आपल्यालाच हसू येतं. सुटेपर्यंत मात्र भाकरी थापतानाही ती ओळ डोक्यात असते. उत्तरं पाठवायची मुदत असते मार्गशीर्षाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे आमची जवळजवळ सगळी सुगी त्यातच जाते.

वरच्या दोन्ही ओळी दत्ताआप्पांनी केलेल्या आहेत. आप्पा वडगावच्या विणकरांच्या घरातले, पण मागावर बसले नाहीत. वीज खात्यात नोकरीला लागले, गोकाक, बैलहोंगल अशा कन्नड मुलखात निम्मं आयुष्य काढलं, आणि निवृत्त होऊन परत वडगावच्या घरात आले. पुढच्या सोप्यात त्यांच्या धाकट्या भावाचा यंत्रमाग चालतो. त्याच्या खटखटाटात आप्पा मांडीवर फळी घेऊन कोडं सोडवायचे. मराठीवर त्यांचा भारी जीव. लग्नाची पत्रिका कुणी दाखवायला आणली की आधी वेलांट्या तपासायचे, मग मुहूर्त बघायचे. वाचनालयात एकाच पुरवणीवर आमच्या दोघांचा एकदम हात पडला, तिथनं आमची ओळख. निपाणीचे रावसाहेब नंतर आले. त्यांची तंबाखूची शेती. ते रविवारी सकाळच्या एसटीनं यायचे आणि त्यांनी धरलेल्या पानावर तंबाखूच्या चिकाचा पिवळट डाग राहायचा. आप्पा डोकं चालवायचे, रावसाहेब आवाज चालवायचे आणि मी शब्दकोश. आप्पांच्या पत्नी शांताआक्का चहा आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही आणि त्याही बसल्या नाहीत.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालण्याइतका राहिला, आणि बोलणं पार गेलं. डोळ्यांत ओळख सगळी होती. आपण बोललेलं कळत होतं. पण तोंड उघडलं की नुसता श्वास यायचा. दवाखान्यातून घरी आल्यावर काही दिवसांनी पहिला शब्द आला. तो होता 'नीरु'. कन्नडातलं पाणी.

मग एकेक येत गेले. बेकु, बेडा, साकु. हवं, नको, पुरे. सगळे कन्नड. मराठीतला एकही नाही.

मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा आक्का दारातच भेटल्या. मला आत न नेता पायरीवर बसवलं आणि स्वतः खालच्या पायरीवर बसल्या.

"बाई, हे माझ्याशी कन्नडात बोलायलेत बघा," त्या म्हणाल्या. "मी खानापूरकडची, ह्यांच्या नोकरीच्या दिवसांत बी हितंच ऱ्हायलेली. मला नीरु नि ऊटा, पानी नि जेवान, ह्याच्या पुढं काय येत न्हाय. काल कायतरी मागत हुते. मी शाल दिली, तांब्या दिला, देवाचा अंगारा दिला. शेवटी शेजारच्या नीलव्वाला हाक मारली. तिनं सांगितलं, खिडकी लावा म्हणायलेत. एवढ्या वर्सांचा संसार आनि नवरा काय म्हणतोय ते शेजारणीला विचारायचं."

मी उठून आत गेले. आप्पा कॉटवर बसले होते. दाढी वाढलेली. मी हसून अंक पुढं केला. त्यांनी तो डाव्या हातानं बाजूला सारला, जोरात नाही, ताट सारतात तसा, आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

बाहेर आल्यावर आक्का हळूच म्हणाल्या, "कुणी आलं की असंच करतात. लाज वाटते त्यांना. गल्लीतल्या एकानं चेष्टा केली, आप्पा आता पलीकडच्या पार्टीत गेले म्हणून. त्या दिवसापास्नं तोंड मिटलंय. कन्नडबी बोलेनात."

ह्या सीमेवरच्या गावात पाटीवरची अक्षरं मराठी की कन्नड, ह्यावरून माणसं भांडली आहेत, हे मला ठाऊक आहे. पण तेच लोक बाजारात मेथीची जुडी दोन्ही भाषांत घासाघीस करून घेतात, हेही मी रोज बघते. माझी आई गाईशी मराठीत बोलायची आणि बैलाला कन्नडात हाका द्यायची, कारण बैल गोकाकच्या बाजारातला होता. त्यात कुणाला काही वाटत नव्हतं. आप्पांना मात्र वाटत होतं. त्यांनी जन्मभर जपलेली गोष्ट अंगातून निघून गेली होती, आणि नोकरीपुरती शिकलेली तेवढी राहिली होती.

आप्पांना बोलायला शिकवायला एक तरुण बाई यायच्या. मी त्यांना विचारलं, असं कसं होतं. त्या म्हणाल्या, "होतं कधीकधी. नंतर शिकलेली भाषा आधी परत येते. मराठी गेलेली नाही. आत आहे, त्यांना तिथपर्यंतची वाट सापडत नाही एवढंच. तुम्ही नेहमीसारखं बोला. त्यांच्यासमोर गप्प बसू नका आणि लहान मुलाशी बोलल्यासारखंही नको."

नेहमीसारखं म्हणजे काय, तर रविवारी कोडं. रावसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, "तंबाखूचं शेंडं खुडायचं काम चाललंय, पण येतो. आप्पा आत झोपूं देत. आपण भाईर मोठ्यांदा सोडवू."

तसंच केलं. पुढच्या सोप्यात, मागाच्या शेजारी चटई टाकून बसलो. रविवारी माग बंद असतो, त्यामुळं घरात एरवी नसते अशी शांतता होती. मी ओळ मोठ्यानं वाचायची आणि रावसाहेबांनी तेवढ्याच मोठ्यानं चुकीचं उत्तर द्यायचं. 'तान्ह्याच्या पायात वाजतो, उन्हाळ्यात माठात बुडतो', दोन अक्षरं. रावसाहेब म्हणाले, "तोडा." मी म्हटलं, "तोडा माठात कशाला टाकतील?" आतल्या खोलीत कॉट करकरली. वाळा, हे उत्तर आम्हा दोघांनाही आलं होतं. पण रावसाहेब माझ्याकडं बघून डोळे मिचकावत बराच वेळ तोड्यालाच धरून बसले.

त्या रविवारी आप्पा उठले नाहीत. पुढच्या रविवारी आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. आम्ही पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्याच्या पुढच्या रविवारी आक्कांनी चटईशेजारी खुर्ची आणून ठेवली, कुणासाठी ते न बोलता. आप्पा येऊन बसले. रावसाहेबांच्या अंगाला नेहमीचा तंबाखूचा वास येत होता. आप्पांनी तो ओढून घेतला आणि ओठ जरासे हलले. "बर्री," ते म्हणाले. या. रावसाहेबांनी जराही न चपापता, "बंदेरी आप्पा, बंदे," आलो, आलो, असं उत्तर दिलं आणि पुढची ओळ वाचायला सांगितली. कितीतरी दिवसांनी आप्पांना कुणी त्यांच्या शब्दाला शब्द दिला होता.

मार्गशीर्ष अर्धा होत आला तोवर कोडं भरत आलं. आप्पा काही सांगू शकत नव्हते, पण चुकीचं उत्तर आलं की डावा हात हलवायचे. राहिला फक्त वरचा डावा कोपरा. तिथं एक आडवा शब्द दोन अक्षरांचा आणि एक उभा तीन अक्षरांचा, दोघांचं पहिलं घर एकच. आडव्याची ओळ होती, 'घर बांधतो, पण राहायला नव्हे. दर्यावर जातो, पण फिरायला नव्हे'. उभ्याची ओळ होती, 'अर्धा कोण, परप्रांतीय थोडा, आणि आमटीला जीव आला'.

मी आडव्यात 'मिस्त्री' लिहिलं. मिस्त्री दुसऱ्याचं घर बांधतो, स्वतः तिथं राहत नाही. दर्याचं कोडं रावसाहेबांनी सोडवलं. "जहाजावर बी मिस्त्री लागतोच की," ते म्हणाले. मग उभा शब्द 'मि'नं सुरू व्हायला हवा. आमटीला जीव आणणारी मिरची. तीन अक्षरं, चपखल.

"आणि परप्रांतीय?" मी विचारलं.

"मिरची ब्याडगीची. पुण्याच्या संपादकाला ब्याडगी परप्रांतच."

"थोडा?"

"थोडीच घालायची. जास्ती झाली तर आमटी कोण खाणार?"

"आणि अर्धा कोण?"

रावसाहेब पेन्सिलीचं टोक बघत बसले. घरं भरली होती, अक्षरं जुळत होती, पण खरं कोडं सोडवणाऱ्याला अशा उत्तरानं झोप येत नाही. एक शब्द जरी बिनकामाचा उरला तरी उत्तर चुकलेलं असतं, हे आप्पांनीच आम्हाला शिकवलं होतं.

"इल्ला," आप्पा म्हणाले. नाही. त्यांचा हात मिस्त्रीवर होता.

"मग काय आप्पा?"

त्यांनी तोंड उघडलं. कपाळावरची शीर फुगली. ओठ गोल झाले, परत मिटले, परत गोल झाले. आम्ही दोघं पुढं वाकलो. तो शब्द त्यांच्याजवळ होता, हे स्पष्ट दिसत होतं. पण आला नाही. त्यांनी डावी मूठ स्वतःच्या मांडीवर आपटली, एकदा, दोनदा. डोळे भरून आले. मग भिंतीला धरत, पाय ओढत आत गेले आणि दार लोटून घेतलं.

घरी परतताना मला वाटत होतं की आपण त्यांना आणखी दुखावलं. ज्याचा हात गेला त्याच्यापुढं पेटी ठेवून वाजवा म्हणण्यासारखं तर आपण करत नाही ना? शेतात पेंढ्यांच्या गंज्या रचून झाल्या होत्या. एका खळ्यावर मळणी चालली होती आणि धुळीत माणसं नुसत्या सावल्यांसारखी दिसत होती. मी स्कूटर थांबवून थोडा वेळ बघत राहिले. पुढच्या रविवारी जायचं की नाही, हे ठरत नव्हतं.

गेले, कारण न जाणं जास्त अवघड वाटलं. रावसाहेब आधीच येऊन बसले होते. आप्पा खुर्चीत होते, दाढी केलेली, आणि बघताक्षणी कळलं की ते आमची वाट बघत होते. आक्का मात्र रागात होत्या.

"ह्यांनी काय केलं ठाऊक हाय का," त्या चहाचे कप ठेवत म्हणाल्या. "बुधवारी सकाळी उठले ते कोंबडी मागायला लागले. मार्गशीर्षात आमच्यात खात न्हाईत. मी म्हटलं, थांबा हो, म्हैना संपूं दे. तर हट्टच. दिवसभर तेच. शेवटी म्हटलं, आजारी माणूस, देवी काय रागवायची न्हाय. परड्यात येगळी चूल मांडली, आणवली कोंबडी, केला रस्सा. ताट पुढं ठेवलं, तर हसायला लागले. एवढं हसले, एवढं हसले, मला भ्याच वाटलं."

"मग खाल्ली का?" रावसाहेबांनी विचारलं.

"खाल्ली की. हसत हसत सगळी खाल्ली. आनि खाऊन झाल्यावर परत कोंबडी मागायला लागले."

"पण आक्का, कोंबडी मागतात हे तुम्हाला कसं कळलं?" मी म्हणाले. "नीलव्वानं सांगितलं?"

आक्कांनी जरा मान ताठ केली. "आता मला बी येतंय की थोडं थोडं. नीलव्वापाशी शिकतोय. कोळी, कोळी म्हणत हुते. कोळी म्हंजे कन्नडात कोंबडीच न्हवं?"

मी आप्पांकडं पाहिलं. ते माझ्याकडंच बघत होते. डावा हात गुडघ्यावरच्या अंकावर होता, बोट कोपऱ्यातल्या त्या घरांवर.

रावसाहेबांच्या हातातला कप अर्ध्यात थांबला. आडवा शब्द, दोन अक्षरं. घर बांधतो, पण राहायला नव्हे, भक्ष्य पकडायला. माळ्यावरचा कोळी. दर्यावर जातो, पण फिरायला नव्हे, मासे धरायला. होडीतला कोळी.

मी हळूच विचारलं, "आप्पा, कुठला कोळी? कन्नडातला?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ओठ जुळवले. बराच वेळ लागला, पण ह्या वेळी आमच्यापैकी कुणी मदत केली नाही.

"आ... पला," ते म्हणाले. आणि मग एका श्वासात, "आपला कोळी."

रावसाहेबांनी कप खाली ठेवला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि पुसतच राहिले. आक्कांना आधी कळलं नाही. मग मी त्यांना सांगितलं, की आप्पा बुधवारपासून मराठी बोलत होते. त्या जिथं उभ्या होत्या तिथंच, चटईच्या कडेला बसल्या. "आनि मी कोंबडी केली," एवढंच म्हणाल्या.

आप्पांनी माझ्याकडून खोडरबर मागून घेतला आणि डाव्या हातानं माझं मिस्त्री खोडायला लागले. कागद फाटेल की काय असं वाटत होतं, पण फाटला नाही. 'को' लिहून झाल्यावर मी उभी ओळ पुन्हा वाचली. अर्धा कोण, परप्रांतीय थोडा, आणि आमटीला जीव आला.

"को वरनं सुरू व्हायचं नि आमटीत पडायचं?" आक्का म्हणाल्या. "मग कोकम की."

अर्धा कोण म्हणजे को. थोडा म्हणजे हिंदीतलं कम. एकही शब्द शिल्लक उरला नाही. रावसाहेबांनी आपल्या ब्याडगीच्या मिरचीसाठी एक उसासा सोडला, आणि आक्कांना आत जाऊ न देता म्हणाले, "बसा आता. चहा थंड झाला तरी चालंल."

कोडं आम्ही मुदतीत पाठवलं. बक्षीस मिळालं नाही. उत्तरं छापून आली तेव्हा आमची सगळी बरोबर होती, पण बरोबरवाल्यांतून चिठ्ठी निघाली ती दुसऱ्या कुणाची. आप्पांनी ते पान वाचून बाजूला ठेवलं. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

मराठी परत आली, पण एकदम नव्हे. एखादा शब्द आठवडाभर रुसून बसतो. वाक्य मराठीत सुरू होतं आणि मधेच कन्नडात शिरतं, जसा आमचा निपाणीचा रस्ता कुठल्या गावात कुठली भाषा ते न सांगता पुढं जात राहतो. आप्पा आता त्याची लाज बाळगत नाहीत. गल्लीतल्या त्या चेष्टेखोर माणसाला त्यांनी एकदा दोन्ही भाषांत मिळून असं काही सुनावलं, की तो अजून लांबूनच नमस्कार करतो. शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना एक काम लावून दिलं आहे. रोज घरातल्या वस्तूंची नावं घ्यायची आणि प्रत्येक वस्तूबद्दल आक्कांना काहीतरी सांगायचं. नुसतं नाव चालणार नाही.

वडगावच्या गल्लीत मी स्कूटर लावते. माग बंद आहे. कुणाच्या तरी अंगणात नव्या तांदळाचा भात शिजतोय, वास इथपर्यंत आलाय. आप्पांच्या दारात उभी राहते तर आतून त्यांचा आवाज ऐकू येतो, थांबत थांबत येणारा. ते कुठल्याशा सुपाबद्दल सांगतायत. गोकाकला एकटे राहत होते तेव्हा ते सूप कुणी दिलं, घरी आणल्यावर आक्कांनी त्यात पहिल्यांदा काय पाखडलं, कुठला पाऊस होता. आक्का मधेच म्हणतात, "पाऊस न्हवता हो, थंडी हुती." मग ते कबूल करतात आणि पुढं सांगू लागतात.

मी कडी वाजवते. आक्का दार थोडं उघडतात, मला बघतात, हातातला अंक बघतात. चेहऱ्यावर एक वेगळाच गंभीरपणा आहे.

"बाई, जरा पायरीवर बसता का?" त्या हळू आवाजात म्हणतात. "रावसाहेब यायचेत अजून. आमचं बोलणं चाललंय."

दार पुन्हा लोटलं जातं. मी उन्हात पायरीवर बसते.